आधी खिसे, मग सॅक

तुला मुंबईत नोकरी लागली आणि तुझ्या आईनं पहिली खरेदी केली ती पाठीवरच्या सॅकची. पुढे कप्पे, मागे कप्पे, लॅपटॉपला वेगळी गादी, बाटलीला जाळी. सॅक छानच आहे, वाद नाही. पण तू डोंबिवलीहून सकाळची गाडी धरणार आहेस, म्हणून मामाचं जरा ऐक. सॅकमध्ये काय भरायचं हे सगळ्यात शेवटी ठरव. आधी खिशांचं ठरव. जे हरवलं तर दिवस बुडेल ते अंगावर, आणि जे हरवलं तर नुसता चुकचुकशील ते सॅकमध्ये. डबा, बाटली, छत्री, चार्जर हे सॅकमधलं. पैसे, फोन, किल्ली, पास हे अंगावरचं. लॅपटॉप कंपनीचा आणि खिशात न मावणारा, तेव्हा त्याच्यापुरता नाइलाज.

आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, हळद घेऊन सांगलीच्या पेठेत जायचे तेव्हा हातात पिशवीसुद्धा नसायची. धोतर, सदरा, बंडी, टोपी, झालं. सुटे पैसे कनवटीला, धोतर कमरेशी खोचतात तिथल्या पिळात. हळदीची पट्टी हातात आली की नोटा बंडीच्या आतल्या चोरखिशात जायच्या आणि वर बटण लागायचं. एसटीचं परतीचं भाडं टोपीच्या घडीत. पेठेत कितीही भूक लागली तरी त्या पैशाला हात लावायचा नाही. पेटीची किल्ली करगोट्याला. शेजारचे भटजी त्यांची किल्ली जानव्याला बांधायचे, अंघोळ करतानासुद्धा ती अंगावरच. पानतंबाखूची चंची तेवढी उघड्यावर, कारण ती चारचौघांत सोडायचीच वस्तू. आणि लांब दांड्याची छत्री सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवलेली, दोन्ही हात मोकळे. छत्रीची ही तऱ्हा कोकणातल्या म्हाताऱ्यांकडे अजूनही दिसते.

जुनं ते सगळं सोनं असं माझं म्हणणं नाही, आणि धोतर नेसून तू ऑफिसला जावंस असंही नाही. पण त्या पद्धतीत दोन गोष्टी पक्क्या होत्या. पैसा कधीच एका जागी नव्हता, आणि प्रत्येक जागा अंगाला लागून होती. कनवट सैल झाली की पोटाला कळतं. पाठीवरच्या सॅकची चेन कुणी उघडली तर पाठीला पत्ता लागत नाही.

तू कपडे रेडिमेड घेतोस, घे बापडा. पण रोजच्या वापरातल्या दोन पँटी तरी शिंप्याकडून शिवून घे. माप घेताना तो विचारेल, खिसे क्रॉस की सरळ? क्रॉस खिसा दिसायला बरा, हात पटकन आत जातो. पण रिक्षात गुडघे वर करून बसलास की त्यातली नाणी, किल्ल्या, कधी फोनसुद्धा सीटच्या फटीत जातो आणि रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आपल्याला आठवतं. शिवणीतल्या सरळ खिशाचं तसं होत नाही. मनगटापर्यंत हात जाईल एवढी खोली सांग. खिशाचं कापड सुती आणि दाट विणीचं माग, नाहीतर शिंपी उरलेलं पातळ अस्तर लावून मोकळा होतो. मग किल्लीनं भोक पडतं आणि पाचाचं नाणं पायातून बुटात उतरतं. पट्ट्याच्या खाली उजवीकडे घड्याळाचा खिसा करून घे, शिंप्याला एवढं म्हटलं की कळतं. जीन्सला जो उगाचच दिलाय असं वाटणारा छोटा खिसा असतो, तोही मुळात साखळीच्या घड्याळासाठीच होता. तिथे पाचशेची एक नोट चौघडी करून ठेवायची. ही तुझी टोपीची घडी. ती आहे हे विसरून जायचं, फक्त पँट धुवायला टाकताना आठवायचं. फोनवरून सगळीकडे पैसे देता येतात हे मलाही ठाऊक आहे, मी भाजी तशीच आणतो. पण रात्री साडेअकराला बॅटरी मेली की स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला तुझं तोंड बघून सोडत नाही.

शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवायचा नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलास की तो पहिला खाली येतो, आणि संडासात वाकलास तर विचारायलाच नको. तो खिसा बॉलपेनाचा आणि घडी घातलेल्या कागदाचा.

आता पाकीट. मी जन्मभर बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस. पाकीट जितकं फुगलेलं तितके त्यात पैसे कमी आणि कागद जास्त, हे नेमानं पाहिलं. उडालेल्या शाईच्या एटीएमच्या चिठ्ठ्या, विमा एजंटांची कार्डं, देवाचे फोटो, लाँड्रीची पावती, मुदत संपलेली दोन क्रेडिट कार्डं. हे सगळं काढून टाक. मोठं पाकीट आता लागतही नाही. जुनी शंभराची नोट 157 मिलिमीटर लांब होती, आताची जांभळट 142 आहे आणि पाचशेचीसुद्धा 150च. रुंदीही 73 वरून 66 वर आली. वडिलांचं जुनं पाकीट वापरणार असशील तर माया म्हणून वापर, सोय म्हणून नको.

पाकीट मागच्या खिशात ठेवू नकोस हे तुला सगळेच सांगतील, पण ते चोराच्या भीतीनं. मी कमरेसाठी सांगतोय. जाड पाकिटावर दिवसभर बसलं की एक कुल्ला वर राहतो, कंबर तिरकी होते आणि पायात उतरणारी सायटिकाची नस दाबली जाते. अशा पाकिटामुळे पाय धरलेल्या रोग्यांबद्दल ‘जामा’ या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात 1978 साली छापून आलं होतं. आमच्या शाखेतला एक जण पाय दुखतो म्हणून मालिशवाले पालथे घालत होता. पाकीट पुढच्या खिशात घेतल्यावर त्याचा पाय शांत झाला. असं प्रत्येकाचं होईलच असं नाही, पण पाकिटाची जागा बदलायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा पाकीट पुढे, डाव्या खिशात, आडवं. त्याला एक जाड रबर गुंडाळायचं. चामडं गुळगुळीत, बोटांच्या चिमटीत सहज सरकतं. रबर खिशाच्या कापडाला धरतं आणि बाहेर ओढताना मांडीला झटका लागतो. वरून रुमाल कोंबायचा. आत एक कार्ड, दिवसाच्या खर्चाच्या नोटा, आणि एका कागदावर आईचा आणि माझा फोन नंबर पेन्सिलीनं लिहिलेला, कारण शाई भिजली की वाहते. नंबर पाठ असेल तर उत्तमच, पण तुमच्या पिढीला स्वतःचा पाठ असला तरी पुष्कळ. पिन मात्र कशावरही लिहायचा नाही. मूळ आधार कार्ड घरी ठेव. आधारच्या साइटवरून शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मिळते, ती बहुतेक ठिकाणी चालते. लायसन्स डिजिलॉकरमध्ये असू दे, ते मूळ कागदाच्या बरोबरीनं धरावं असं केंद्रानं 2018 मध्येच राज्यांना कळवलंय. आणि कार्डाचं एक बघ. मशीनला नुसतं टेकवून पिनशिवाय 5,000 रुपयांपर्यंत पैसे जातात, 1 जानेवारी 2021 पासून ही मर्यादा आहे. टेकवून द्यायची सवय नसेल तर बँकेच्या ॲपमधून ती सोय बंद करून ठेव. कार्ड हरवलं तर शोधत बसण्याआधी ब्लॉक कर. सापडलं तर नवीन येईपर्यंत थोडी गैरसोय, एवढंच.

फोन उजव्या पुढच्या खिशात, एकटा. किल्ल्या त्याच्याबरोबर नकोत, आणि ज्या कव्हरमध्ये कार्डं आणि नोटाही बसतात तसलं कव्हर तर नकोच. एक गेलं की सगळं गेलं. गाडीच्या दारात उभं राहून फोनवर बोलायचं नाही. रुळाच्या कडेला किंवा खांबावर टपून बसलेली फटका गँग हातावर काठी मारते, फोन खाली पडतो, आणि तो धरायच्या नादात माणूस खाली गेल्याचेही प्रकार झालेत. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं डायल केलंस की आयएमईआय नंबर दिसेल, तो घरी वहीत लिहून ठेव. फोन गेलाच तर रेल्वे पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत जोडून ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करता येतो.

एक बारकी गोष्ट. स्टेशनवर “पाकीटमारांपासून सावध राहा” अशी सूचना झाली की फलाटावरचे अर्धे पुरुष आपापला खिसा चाचपतात. ज्याला बघायचं तो तेवढंच बघत उभा असतो. तू चाचपू नकोस. चढताना आणि उतरताना, जेव्हा खरी रेटारेटी होते, तेव्हा हात खाली पाकिटावर. बाकीच्या वेळी हात वर कडीला.

सॅकबद्दल थोडंच. फलाटावरच ती पुढे छातीशी घे, गाडीत शिरल्यावर नव्हे. आत पाठीवर सॅक असलेला माणूस दोन माणसांची जागा खातो आणि शिव्याही. रॅकवर टाकायची तर खिडकीशी बसलेल्याला “जरा वर टाका” म्हणायचं, तो टाकतो. पण स्वतःच्या डोक्यावरच्या नाही, समोरच्या रॅकवर टाकायला सांग, म्हणजे ती नजरेत राहते. विसरलासच तर 139 लावायचा आणि कुठली गाडी, कितवा डबा, कुठली बाजू हे सांगायचं. दोन्ही पट्टे खांद्यावर घे. वारकऱ्याची पडशी पाहिली आहेस ना? एक तोंड पुढे, एक मागे, मधला भाग खांद्यावर. दोन्हीकडे वजन सारखं, म्हणून पंढरपूरपर्यंत खांदा धरत नाही. आमच्या वेळच्या कार्यकर्त्यांची आणि कवींची शबनम पिशवी मात्र एकाच खांद्यावर लोंबायची. दिसायची झकास, पण दोन पुस्तकं जास्त झाली की पट्टा मानेत रुतायचा.

पावसाळ्यात यातले काही नियम उलटतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोक छातीएवढ्या पाण्यातून घरी चालत गेले. तेव्हा पँटीचे सगळेच खिसे पाण्याखाली होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चेनची एक प्लॅस्टिकची थैली जवळ ठेव. पाणी साचतंय असं दिसलं की फोन, नोटा, पास तिच्यात घालून शर्टाच्या आत गंजिफ्रॉकात सोडायची. शर्ट खोचलेला असला की खाली पडत नाही. चामड्याचं पाकीट ओलं झालं तर रिकामं करून पंख्याखाली वाळव, उन्हात नको, कडक होतं. ओलंच कपाटात टाकलंस तर दोन दिवसांत हिरवी बुरशी. खरं तर तेवढे चार महिने साधं प्लॅस्टिकचं पाकीट वापरलं तरी कुणी हसत नाही.

पँटींचं कापड घेऊन शिंप्याकडे गणपतीच्या आधीच जा. नवरात्र जवळ आलं की त्याच्याकडे दिवाळीचे कपडे येऊन पडतात, आणि मग घड्याळाचा खिसा राहू द्या हो, पुढच्या वेळी बघू, असं म्हणून तो तुला वाटेला लावेल.