मोटारीचें मेण कसें निवडावें ?

दुकानांतल्या फळीवर मोटारीच्या मेणाचे डबे ओळीनें मांडलेले असतात, आणि त्या प्रत्येकावर आरशाप्रमाणें झळकणाऱ्या गाडीचें चित्र असतें. चित्रावरून पाहतां सर्व डबे सारखेच. परंतु आंतील द्रव्यें सारखीं नसतात. कांहीं डब्यांतील द्रव्य रंगाचें रक्षण करतें, कांहींतील द्रव्य रंग घासून कमी करतें, आणि चकाकी मात्र दोहोंनींही येते! हा भेद ज्याला कळला नाहीं तो रक्षणाच्या समजुतीनें आपल्याच गाडीचा रंग दरमहा थोडथोडा खरवडून टाकीत असतो. वडिलांनीं हप्ते फेडून घेतलेली मोटार असो, कीं थोरल्या भावाची स्कूटर असो, ती धुण्यापुसण्याचें काम बहुधा घरांतल्या मुलांकडेच येतें. तेव्हां विद्यार्थ्यांनीं हा विषय थोडा शास्त्रीय दृष्टीनें समजून घ्यावा, आणि डब्याचे पैसे देणाऱ्या पालकांनींही या लेखावरून एकवार नजर फिरवावी, हें इष्ट आहे.

प्रथम रंगाची रचना पाहूं. हल्लींच्या मोटारीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. एकावर एक असे निरनिराळे थर असतात. पत्र्याला लागून गंज न येऊं देणारा थर, त्यावर अस्तर, म्हणजे ज्याला रंगारी ‘प्रायमर’ म्हणतात तें, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर कांचेसारखें पारदर्शक रोगण. या रोगणास ‘क्लिअर कोट’ असें म्हणतात. सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. वरचें रोगण अवघें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ! उन्हांतील अतिनील किरण शोषून घेणारीं द्रव्यें याच रोगणांत मिसळलेलीं असतात. तें झिजून संपलें कीं खालचा रंग उघडा पडून फिका व भुरका होतो, आणि मग कितीही मेण चोळलें तरी तो परत येत नाहीं. पत्रा नव्यानें रंगवावा लागतो. तो खर्च मेणाच्या शेंकडों डब्यांना पुरेल इतका असूं शकतो.

ही रचना फार जुनी नाहीं. घोड्याच्या बग्गीप्रमाणेंच आरंभींच्या मोटारींनाही हातानें रोगण चढवीत, व सारें काम वाळून पुरें होण्यास कित्येक आठवडे लागत. पुढें अमेरिकेंत ड्युपॉन्ट कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचें झटपट वाळणारें रोगण काढलें, आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर तें झळकलें. त्या काळच्या रंगावर पारदर्शक थर नसे. ऊन लागून लागून त्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुकटाळ होई, आणि मालकाला ती भुकटी घासून काढून वर मेण द्यावेंच लागे. घासणें आणि मेण लावणें हीं दोन कामें लोकांच्या मनांत एकजीव झालीं तीं तेव्हांपासून, असें मला वाटतें. पारदर्शक रोगणाची रीत सर्वत्र रूढ झाली ती १९८० नंतर. पण जुनी समजूत कांहीं गेली नाहीं. आपल्या गाडीवर असें रोगण आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. कोठेंतरी आडबाजूस पांढऱ्या फडक्यानें थोडें पॉलिश चोळावें. फडक्यास गाडीचा रंग लागला तर वर रोगण नाहीं असें समजावें.

आतां मुख्य भेद. पॉलिश काढून घेतें, मेण भर घालतें. रंगावर बारीक ओरखडे असले कीं त्यावर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो, व रंग निस्तेज दिसतो. पॉलिशमध्यें ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची अत्यंत बारीक पूड असते. ती ओरखड्यांच्या भोंवतालचें रोगण घासून पृष्ठभाग सपाट करते. प्रकाश पुन्हां एका दिशेनें परततो आणि गाडी चमकते. ही चमक खरी असते, पण ती रोगणाच्या भांडवलांतून काढलेली असते. गॅरेजमध्यें ‘रबिंग कंपाउंड’ म्हणून जी जाड लगदी मिळते ती तर याहूनही खरखरीत. यंत्रावर ती जोरानें फिरविली तर एका खेपेस कांहीं मायक्रॉन रोगण जाऊं शकतें. ओरखडे पडले असतां वर्षां-दोन वर्षांनीं एकदां पॉलिश करणें गैर नव्हे. गैर आहे तें त्यालाच मेण समजून दर रविवारीं चोळणें.

फसगत अधिक होते ती मिश्र डब्यांमुळें. नांव ‘वॅक्स’, पण बाजूस बारीक अक्षरांत ‘क्लीनर’ किंवा ‘पॉलिश’ असें लिहिलेलें असतें. आंत मेणाबरोबर घासणारी पूडही असते. यासाठीं एक प्रयोग सांगतों. घरांत एखादी निरुपयोगी झालेली सीडी असेल, तिच्या चकचकीत बाजूस बोटभर द्रव्य मऊ ओल्या फडक्यानें चोळा आणि उजेडांत तिरकी धरून पहा. नवे ओरखडे किंवा अंधुकपणा दिसला तर डब्यांत घासणारें द्रव्य आहे. कांहीं न दिसलें तरी लेबल वाचण्याचा कंटाळा करूं नये, कारण अतिशय बारीक पूड अशी सहज सांपडत नाहीं.

मेण काय करतें हें पाहण्यास मोटारीची गरज नाहीं. पावसाळ्यांत परसांतील अळूच्या पानाकडे पहा. त्यावर पडलेलें पाणी पसरत नाहीं, मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळतें. क्षणभंगुर गोष्टीस आपण ‘अळवावरचें पाणी’ म्हणतों तें यावरूनच. पाण्याचे रेणू एकमेकांस घट्ट ओढून धरतात. मेणाशीं त्यांचें सख्य नसतें. म्हणून मेणट पृष्ठावर पाणी अंग आखडून गोल होतें. कमळाच्या पानाचा असाच गुण बॉन विद्यापीठांतील बार्थलॉट व नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं सविस्तर मांडला. पानावरील मेण हें सपाट नसून सूक्ष्म उंचवट्यांचें असतें, त्यामुळें थेंब घरंगळतांना धूळही घेऊन जातो. मोटारीवरचें मेण मात्र सपाट असतें. त्यावर पाणी गोल होईल, परंतु धूळ आपोआप निघून जाईल असें जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवूं नये.

मोटारीच्या मेणांत ज्याची कीर्ति सर्वांत मोठी, तें कार्नोबा मेणही पानांवरचेंच आहे. ईशान्य ब्राझीलमधील पियाउई, सिआरा व रिओ ग्रांदी दो नॉर्ती या प्रांतांत एक ताडाच्या जातीचें झाड होतें. तेथें वर्षांतले कित्येक महिने पाऊस नसतो. पानांतील ओल उडून जाऊं नये म्हणून हें झाड त्यांवर मेणाचें पूट चढवितें. कोरड्या दिवसांत मजूर लांब काठीच्या टोंकास कोयता बांधून पानें तोडतात, तीं उन्हांत वाळवितात व झोडपतात. झडलेली भुकटी वितळवून गाळली कीं कठीण ढेपा होतात. झाड मरत नाहीं, त्यास पुन्हां पानें फुटतात. माणसांची स्थिति मात्र सर्वत्र बरी नसते. पानें तोडणारे मजूर कांहीं ठिकाणीं जवळ जवळ गुलामगिरींत राबत असलेले ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांस अलीकडेही आढळले आहेत. १९३५ सालीं अमेरिकेंतील रसीन गांवचे हर्बर्ट जॉन्सन, ज्यांच्या कारखान्यांत जमिनीला लावण्याचें मेण तयार होई, हे पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें थेट ब्राझीलला गेले. या झाडांचा पुरवठा कितपत पुरेल हें त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचें होतें! आज हेंच मेण औषधाच्या व खाण्याच्या गोळ्यांवर चकाकीसाठीं देतात, तेव्हां ब्राझीलचें हें पान तुमच्यापैकीं बहुतेकांच्या तोंडांतही गेलेलें असेल.

याचा गुण काठिण्यांत आहे. मधमाश्यांचें मेण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें. कार्नोबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत दम धरतें. वैशाखांतल्या दुपारीं काळ्या मोटारीच्या टपावर हात ठेववत नाहीं, तेथें पहिलें मऊ पडून धूळ धरूं लागतें, दुसरें टिकतें. पण काठिण्यामुळेंच शुद्ध कार्नोबा रंगावर लावतां येत नाहीं. तें ढेकळासारखें असतें. त्यांत द्रावक व मऊ मेणें मिसळूनच लुगदी करावी लागते. म्हणून डब्यावर ‘शंभर टक्के कार्नोबा’ असें छापलेलें असेल तर त्याचा अर्थ फार तर एवढाच कीं, आंत जें मेण आहे तें कार्नोबा आहे. डबा भरून कार्नोबा आहे असा नव्हे. या तीन शब्दांसाठीं दुप्पट किंमत देणें मला पटत नाहीं.

दुसरा वर्ग रासायनिक लेपांचा. सिलिकोन व तत्सम दीर्घ रेणूंचीं द्रव्यें यांत असतात. दुकानदार त्यांस ‘सीलंट’ म्हणतात. कार्नोबाची झांक अधिक ऊबदार व खोल दिसते असें शौकिनांचें म्हणणें आहे, आणि गडद रंगावर मलाही तें खरें वाटतें. पण कार्नोबा उघड्यावर कांहीं आठवडे, फार तर दोन-तीन महिने राहतें. चांगला रासायनिक लेप चार ते सहा महिने निभावतो. तिसरा वर्ग हल्लीं ज्याची फार जाहिरात होते त्या ‘सिरॅमिक’ लेपाचा. तो हवेंतील ओल घेऊन कांचेसारखा कठीण होतो, वर्ष-दोन वर्षें टिकतो, आणि दुकानांत करून घेतल्यास कित्येक हजार रुपये घेतो. तो ओरखडे बुजवीत नाहीं, उलट खालचे ओरखडे आहेत तसे कोंडून ठेवतो, ही गोष्ट पैसे देण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावी.

तर निवड कशी करावी? चकाकीवरून नव्हे, गाडी कोठें उभी राहते यावरून. छपराखालीं राहणारी, सुटीच्या दिवशींच बाहेर निघणारी गाडी असेल आणि मुलांना मेहनतीची हौस असेल तर कार्नोबा उत्तम. दिवसभर कचेरीबाहेर उन्हांत तापणाऱ्या गाडीला, किंवा मुंबई-कोंकणांतल्या पावसांत चार महिने भिजणाऱ्या गाडीला, रासायनिक लेपच योग्य. मे महिन्याच्या अखेरीस एकदां आणि दसऱ्यापूर्वीं एकदां लावला कीं वर्ष बरें जातें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें जो गंज येतो तो रंग उडालेल्या जागीं व तळाशीं सुरू होतो. तेथें वरच्या मेणाचा उपयोग नाहीं, ती जागा रंगवून घ्यावी व तळ गोड्या पाण्यानें धुवावा. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते; मेण असलें तर रोगणाला थोडी उसंत मिळते, एवढेंच. ती पाण्यानें भिजवून त्याच दिवशीं काढावी. पठारावर जेथें बोअरचें पाणी जड आहे तेथें आणखी एक गंमत होते. मेणामुळें पाण्याचे थेंब थेंब होतात, ते उन्हांत वाळतात, आणि प्रत्येक थेंबामागें चुन्याचा एक पांढरा ठिपका राहतो. येथें दोष मेणाचा नसून न पुसण्याचा आहे.

लावण्याची रीत थोडक्यांत अशी. गाडी सावलींत, पत्रा गार झालेला, धुऊन पूर्ण वाळविलेली असावी. मेण अगदीं पातळ लावावें. रंगावर शेवटीं जो थर राहतो तो फार तर एखाद्या मायक्रॉनचा, बहुधा त्याहूनही कमी असतो, बाकीचें सारें फडक्यांत जातें. धुरकट दिसूं लागलें कीं स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्यानें हलकेच पुसावें. रबर व काळ्या प्लास्टिकवर लागूं देऊं नये, पांढरे डाग पडतात. नुकत्याच रंगविलेल्या भागास रंगाऱ्यानें सांगितलेली मुदत, बहुधा एक ते तीन महिने, कांहींच लावूं नये. आणि मंद, बिनचकाकीच्या मुद्दाम दिलेल्या रंगास तर कधींच नाहीं.

याहून महत्त्वाचें म्हणजे रोजचें पुसणें. सकाळीं कोरड्या फडक्यानें धूळ झटकण्याची आपल्याकडे चाल आहे. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे कण असतात. गार ही कांचेहूनही कठीण. केसाहून पातळ रोगणावर ती रोज फिरविली तर कोणतें मेण पुरें पडणार? आधीं पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी, मग पुसावें. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून गाडी चमकविणारेही पुष्कळ आहेत. ती चमक तेलाची असते, तिच्यावर तासाभरांत धूळ बसते, आणि आधीं लावलेलें मेण त्या तेलांत विरघळून जातें. भांडीं घासण्याच्या साबणानेंही मेण निघतें.

स्कूटर व मोटारसायकल यांनाही हेच नियम लागू आहेत, फक्त पेट्रोलची टांकी, मडगार्ड व बाजूचे रंगीत पत्रे एवढ्यांवरच मेण द्यावें. बसण्याची गादी, पाय ठेवण्याची जागा, हातांतल्या मुठी, टायर आणि ब्रेकची चकती यांवर तें चुकूनही लागतां कामा नये. गादीवरून माणूस घसरतो, आणि मेण लागलेला ब्रेक वेळेवर धरत नाहीं.