दिसतं ते वाचता येतंच असं नाही

वर्गातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला नोट्सची पीडीएफ पाठवली की आपलं काम झालं, असं शिकवणाऱ्या बहुतेकांना वाटतं. मलाही पुष्कळ काळ तसंच वाटत होतं. फाईल पोहोचली आहे, मुलाच्या फोनवर टॉकबॅक आहे, संगणकावर फुकट मिळणारा एनव्हीडीए आहे, मग अडचण कसली? अडचण फाईलच्या पोटात असते आणि डोळस माणसाला ती दिसत नाही, म्हणून ती नीट सांगायला हवी. टॉकबॅक आणि एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअरं. स्क्रीन रीडर पानाचं रूप पाहत नाही, अक्षरामागचा संकेतांक वाचतो. मराठी डीटीपीत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या जुन्या फॉण्टांमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले आहेत. पडद्यावर ‘कविता’ दिसते; संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची विस्कटलेली माळ असते आणि विद्यार्थ्याच्या कानावर तीच पडते. स्कॅन केलेल्या पानांची गत याहून वाईट. झेरॉक्सवरून मोबाईलने काढलेल्या फोटोंची पीडीएफ केली, तर तिच्यात एकही अक्षर नसतं, फक्त चित्रं असतात. जिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो, त्या युनिकोड प्रणालीत देवनागरी १९९१ पासून आहे. आज मराठी मजकूर कोणत्याही फोनवर युनिकोडमध्ये लिहिता येतो, आणि तरीही शिक्षण संस्थांमधून जुन्या फॉण्टातल्या आणि स्कॅन केलेल्या फायली रोज पाठवल्या जातात. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. फाईल कानाने तपासायची असते, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सुगम, म्हणजे सर्वांना वाचता येईल असं, साहित्य लिहितानाच तयार करायचं असतं. नंतर दुरुस्त करू म्हटलं की ते महाग पडतं, अर्धवट राहतं आणि मुख्य म्हणजे उशिरा पोहोचतं. जून-जुलैत शिकवलेल्या धड्याचा वाचता येणारा मजकूर दिवाळीनंतर हातात आला, तर त्या मुलाने ते सत्र ऐकीव माहितीवर काढलेलं असतं. उलट, लिहितानाच करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करू नका, वर्डमधली ‘हेडिंग’ शैली वापरा. एनव्हीडीए वापरणारा विद्यार्थी एच हे बटण दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. त्याच्यासाठी नुसत्या ठळक ओळी म्हणजे अनुक्रमणिका नसलेलं चारशे पानांचं पुस्तक. तक्ता स्पेसबार दाबून उभा करू नका. ‘लाल रंगातली वाक्यं पाहा’ असं लिहिलंत, तर लाल न दिसणाऱ्यासाठी दुसरी खूण ठेवा. आणि एक बारकी गोष्ट, जी जाणकारांच्याही लक्षात राहत नाही: युनिकोडमध्ये टाईप केलेला मराठी मजकूर पीडीएफ करताना बिघडू शकतो. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं तुटतात. म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाईल किंवा ईपब द्यावी.

यावर पहिली हरकत संख्येची असते. वर्गात असा एकच विद्यार्थी आहे किंवा एकही नाही. येईल तेव्हा करू. हिशेब इथेच चुकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची अपंगत्वं नोंदली आहेत आणि छापील पान त्यांतल्या अनेकांची वाट अडवतं. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला अक्षर चौपट मोठं करून हवं असतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला ओळींमधलं अंतर वाढवून, ऐकत ऐकत वाचायचं असतं. ज्याच्या हातात पान उलटण्याइतकं बळ नाही, त्याला पुस्तक पडद्यावर लागतं. या सर्वांना एकच नीट बनवलेली युनिकोड फाईल पुरते. शिवाय प्रमाणपत्र नसलेली, निदानच न झालेली मुलं वर्गात असतात आणि ती हात वर करून काही मागत नाहीत. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षं वयापर्यंत पुस्तकं आणि शिकण्याचं इतर साहित्य मोफत पुरवण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. जी फाईल उघडते पण वाचता येत नाही, ती दिल्याने ही जबाबदारी पार पडली असं मी मानत नाही.

दुसरी हरकत जास्त सद्भावनेची आहे: आम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतो, ऐकू देत. आवाज देणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, आणि कथा-कादंबरीला हा मार्ग उत्तम आहे. अभ्यासाला मात्र तो अपुरा पडतो, आणि मराठीत तर विशेष. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. जे मूल फक्त ऐकत शिकतं, त्याच्या हाती ऱ्हस्व-दीर्घ लागत नाही, अनुस्वार कुठे आहे ते कळत नाही, परिच्छेद कुठे संपला ते समजत नाही. मग शुद्धलेखनाचे गुण जातात आणि दोष मुलाच्या माथी येतो. ब्रेलमध्ये पहिली आणि दुसरी वेलांटी वेगवेगळ्या टिंबांची असते. बोटाखालून शब्द जातो तेव्हा त्याचं लेखनही जातं. म्हणून शालेय वयात ब्रेल सोडू नये, असं मी प्रत्येक पालकाला सांगेन. इथेही युनिकोड फाईलच उपयोगी पडते, कारण तिच्यावरून सॉफ्टवेअरने भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, रूपांतर करता येतं. जुन्या फॉण्टातल्या फाईलवरून ते थेट होत नाही.

आता तंत्रज्ञान सगळं करेल, चित्रातली अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं आलीच आहेत, असंही म्हटलं जातं. ती आली आहेत आणि स्वच्छ छापलेल्या सरळ मजकुरावर बरं काम करतात. पण रंगीत पार्श्वभूमी, दोन रकाने, पुसट झेरॉक्स यांपुढे ती अडखळतात. कथेत एखादा अनुस्वार गळला तर चालून जाईल. गणितात १ चा ९ झाला, तर उदाहरणच बदलतं आणि आपण योग्य रीतीने सोडवूनही उत्तर का जुळत नाही, हे विद्यार्थ्याला कळायला मार्ग नसतो. घातांक सपाट झाला की ‘क्ष’चा वर्ग ‘क्ष दोन’ असा ऐकू येतो. माणसाने तपासल्याशिवाय असा मजकूर मुलांच्या हाती देऊ नये.

आकृत्यांचं काम तर यंत्रावर सोडूच नये. नकाशाच्या जागी ‘महाराष्ट्राचा नकाशा’ एवढं लिहिलं, तर काही सांगितल्यासारखं होत नाही. नकाशाच्या सीमारेषेचं वळणन् वळण लिहिलं, तर मूल त्यात हरवतं. नकाशा त्या पानावर का आहे, हे फक्त शिक्षकाला ठाऊक असतं. नद्यांचा धडा असेल, तर गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, दोघी पूर्वेकडे वाहत बंगालच्या उपसागराला मिळतात, आणि सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणातल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्र गाठतात, हे लिहायला हवं. जोडीला उठावाचा नकाशा असला तर फारच चांगलं, कारण सह्याद्रीची रांग बोटाने चाचपल्यावर जलविभाजक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. गणितातला आलेख, विज्ञानातलं हृदयाचं चित्र, अर्थशास्त्रातला मागणीचा वक्र यांचंही असंच. हे वर्णन आपण लिहिलं नाही म्हणून मुलं गणित-विज्ञानापासून दूर होतात, आणि ‘त्यांना तो विषय झेपत नाही’ असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. या निष्कर्षावर मी मुळीच विश्वास ठेवत नाही.

प्रकाशकांची भीती कॉपीराइटची असते. ती खोडून काढायला फार शब्द लागत नाहीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी कोणतंही पुस्तक सुगम स्वरूपात आणण्याची मुभा दिली आहे. संस्थेने ती प्रत नफ्याशिवाय द्यावी आणि नेहमीच्या बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावी, एवढी अट आहे. याच विषयावरचा २०१३ चा माराकेश करार २०१४ मध्ये अनुसमर्थित करणारा पहिला देश भारत होता. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे अशा सुगम पुस्तकांचं ऑनलाईन ग्रंथालयही आहे. मग खोळंबा कुठे होतो? दहा संस्था तेच पुस्तक दहादा स्कॅन करून दहादा तपासत बसतात, आणि प्रकाशकाच्या संगणकात त्याची मूळ फाईल तशीच पडून असते. ती फाईल त्याने पुस्तकालयाला दिली, तर कित्येक महिन्यांची मेहनत वाचेल. मराठी प्रकाशकांना माझी ही विनंती आहे.

आणि शिक्षकांना एक. उद्या वर्गाच्या ग्रुपवर नोट्स टाकण्याआधी त्यातली एखादी ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या चौकटीत पेस्ट करून पाहा. ओळ जशीच्या तशी मराठीत उतरली, तर पाठवा. उतरली नाही, तर त्या नोट्स अजून लिहून व्हायच्या आहेत.