गट ऑफिसचा लॅपटॉप, त्याचे लायसन आणि आपली ऊस नोंद



ऊस नोंदीसाठी गट ऑफिसात लॅपटॉप आले, त्यामुळे हेलपाटे वाचले. पण गेल्या आडसाली लागणीच्या वेळी आमच्या एका गटात जे घडले, ते सर्वांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सभासद सातबारा घेऊन नोंदीला आले होते. लॅपटॉप उघडला तर पडद्यावर आले, ‘लायसनची मुदत संपली.’ बाहेर माणसे खोळंबलेली. मदतनिसाने कोणाचे तरी ऐकून लॅपटॉपची तारीख बारा दिवस मागे नेली. सॉफ्टवेअर सुरू झाले, दिवसभर नोंदी झाल्या. पुढे याद्या लागल्या तेव्हा एक सभासद आले नि म्हणाले, “साहेब, माझी लागण आधीची, मग शेजाऱ्याचा ऊस माझ्या पुढे कसा?” पाहतो तर ज्यांची लागणीची तारीख भरायची राहिली होती, तिथे लॅपटॉपने आपली मागे नेलेली तारीख बसवली होती. चूक आमचीच होती. चोपड्या काढून आणि प्लॉटवर जाऊन आम्ही तारखा दुरुस्त केल्या. तोडणीचा प्रोग्राम लागणीच्या तारखेवर लागतो. पक्व ऊस उन्हाळ्यात फडात उभा राहिला की वजन घटते, म्हणजे नुकसान सभासदाचेच. म्हणून हा धडा.

लायसन म्हणजे काय?

सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणजे ते आपल्या मालकीचे झाले असे नाही. अमुक इतक्या लॅपटॉपवर, अमुक मुदतीपर्यंत वापरण्याची ती परवानगी असते. कालव्याला पाणी वाहत असले तरी नमुना नंबर ७ चा अर्ज मंजूर नसेल तर आपली पाळी येत नाही, तसेच हे. पुष्कळदा ही परवानगी हेड ऑफिसच्या मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली असते. लॅपटॉप ऑफिसात असेपर्यंत त्याला ती मिळते. दिंडोरीच्या डोंगरकडेच्या एखाद्या गावात नेला आणि रेंज गेली की तो अडतो. लॅपटॉप बिघडलेला नसतो.

आधी रोग ओळखा

उसाची पाने पिवळी दिसली की आपण लगेच युरिया टाकत नाही. कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली तर लोहाची कमतरता, म्हणजे केवडा. जुनी खालची पाने पिवळी पडली तर नत्राची. इथेही पडद्यावरचा संदेश नीट वाचावा, मोबाईलवर त्याचा फोटो काढावा आणि मगच इलाज करावा.

१) ‘मुदत संपली’ – प्रथम लॅपटॉपची तारीख, साल आणि वेळ पाहा. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी गेली असेल तर बंद करून चालू केल्यावर तारीख चुकते. ती बरोबर करा. तारीख बरोबर असेल तर मुदत खरीच संपली आहे, हेड ऑफिसला कळवा. तारीख मागे मात्र कधीही नेऊ नका. काही सॉफ्टवेअर ही लबाडी ओळखतात आणि कायमचे कुलूप लावतात.

२) ‘सर्व्हर सापडत नाही’ – मोबाईलचे हॉटस्पॉट जोडा. ऑफिसने व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात येण्याची वाट दिली असेल तर ती सुरू करा. जिथे रेंजच नाही तिथे जायचे असेल तर निघण्यापूर्वी सोय करावी. काही सॉफ्टवेअरमध्ये ठराविक दिवसांसाठी लायसन लॅपटॉपवर उसने घेता येते. काम झाले की ते परत करावे, नाहीतर दुसऱ्याची अडचण होते.

३) ‘सर्व लायसन वापरात आहेत’ – पाच लायसन असतील तर सहाव्याला दार बंद. कोणी काम संपवून सॉफ्टवेअर उघडेच ठेवले आहे का, ते फोन करून विचारावे.

४) ‘हा लॅपटॉप ओळखीचा नाही’ – लायसन अनेकदा लॅपटॉपच्या आतल्या भागांशी बांधलेले असते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की सॉफ्टवेअरच्या हिशेबी तो नवा लॅपटॉप झाला. जुने लायसन सोडवून नव्याने द्यावे लागते. पेनड्राइव्हसारखी चावी लागत असेल तर ती घरी राहिली नाही ना, तेही पाहावे.

ऑफिसच्या सर्व्हरकडून चालू होणाऱ्या विंडोजची मुदत १८० दिवसांची असते. सर्व्हर दिसत राहिला तर ती दर ७ दिवसांनी आपोआप वाढते. वर्गणीवर घेतलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस सॉफ्टवेअरला महिन्यातून एकदा तरी इंटरनेट लागते. म्हणून दर पंधरवड्याला लॅपटॉप हेड ऑफिसला आणून तासभर जोडून ठेवावा. लागण हंगामापूर्वी तर हे चुकवूच नये.

दोन गोष्टी टाळा

घाईने लॅपटॉप फॉरमॅट करू नका, न पाठवलेल्या नोंदी पुसल्या जातील. दुसरे, बाजारात शे-दोनशेला मिळणारे ‘क्रॅक’ टाकू नका. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरले तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय असल्या क्रॅकबरोबर व्हायरस येतो, आणि लॅपटॉपवर सभासदांचे बँक खाते नंबर असतात.

सभासदांनी काय करावे?

लॅपटॉप बंद आहे म्हणून नोंद न करता परत जाऊ नका. कार्बनच्या पावती बुकावर नोंद घेऊन त्याच दिवसाची पावती द्यावी, असे आम्ही सर्व गटांना सांगितले आहे. पावतीवर गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि प्रत्यक्ष लागणीची तारीख या चार गोष्टी वाचून घ्या. पुढे लॅपटॉप सुरू झाल्यावर पावतीवरूनच नोंद भरली जाईल. संगणकाची छापील नोंद मिळाली की ती या पावतीशी ताडून पाहा. फरक दिसला तर याद्या लागण्याची वाट न पाहता शेतकी विभागात या.

लॅपटॉपची तारीख कोणालाही बदलता येते. आपल्या हातातल्या पावतीची येत नाही. ती जपून ठेवावी ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी