आत्मकथन : आपल्या इतिहासाचे साधन

आमच्या पिढीतील निम्म्या मुलांचा जन्म, शाळेच्या नोंदवहीवर विश्वास ठेवायचा तर, १ जूनलाच झाला. खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी सोयीची तारीख लिहीत. (पुढे आम्हीही तेच केले.) आईला विचारले की ती सांगे : बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळत होती तेव्हा. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस नोंदवहीपेक्षा ही साक्ष अधिक भरवशाची वाटते.

१९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामी राज्यात होता. त्या काळच्या महसुली दप्तरात जमीन, सारा, वतने यांचा हिशेब सापडतो. भाकरी मागायला गेलेल्या बाईला दारासमोर किती वेळ ताटकळावे लागे, हे दप्तर सांगत नाही. ती साक्ष आत्मकथनांनी दिली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली. दुसरे तर आपल्या मराठवाड्यातील पोरक्या मुलाचे, भूक आणि शाळा यांच्या ओढाताणीचे.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आम्हांस इतिहासदृष्ट्या विशेष मोलाचे वाटते. फलटणला किराणा दुकान चालविता चालविता, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले. पुस्तक १९८६ साली निघाले. त्यात 'मी' थोडी आहे, 'आम्ही' फार. महारवाड्यातील खाणेपिणे, बाळंतपणे, अंगात येणे, बाबासाहेबांच्या विचाराने झालेला पालट, सारे आहे. आपल्याच वस्तीत सुनांचा होणारा छळही त्यांनी झाकला नाही. अशा लेखनाने समाजाची लाज चव्हाट्यावर येते, असे आपल्यापैकी काहींना वाटले. आम्हांस ते पटत नाही. स्वतःविरुद्ध जाणारी साक्षच अधिक विश्वसनीय असते.

स्मृती चुकते, सन मागेपुढे होतात; म्हणून आठवण दप्तराशी, आणि दप्तर आठवणीशी, ताडून पाहावे लागते. फिनलंडमध्ये शेतकरी-कामगारांकडून आठवणी लिहून मागवून त्या अभिलेखागारात जपतात.

आपल्याकडे ऊसतोडीचे काय? मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे. बाईचे नाव कोठे उरते? माजी विद्यार्थ्यांना विनंती, आईजवळ वही घेऊन बसावे. कोणता कारखाना, किती उचल, कोपीत तान्हे मूल कोणाजवळ ठेवले, हे तिच्याच शब्दांत उतरवावे. त्या वह्यांसाठी ग्रंथालयातील एक कपाट आम्ही रिकामे करून ठेवले आहे. त्यात सध्या एकच वही आहे, आमच्या आईची. उशिरा सुरू केली, म्हणून अर्धी कोरी राहिली.