किल्ली आपली, दार दुसऱ्याचे

अंधेरी ते बोरिवली लोकलचे तिकीट आता मोबाइलवर निघते. त्यासाठी रेल्वेने १ जुलै २०२५ रोजी रेलवन हे ॲप आणले. ज्यांचे यूटीएस ॲपवर खाते होते, त्यांना नवे उघडावे लागले नाही. जुन्याच खात्याने ते आत गेले. पण हे झाले घरच्या घरात. दोन्ही ॲप रेल्वेचीच.

परक्या ॲपचे काय? तेही म्हणते, ‘गूगल खात्याने आत या.’ तुमचे गूगल खाते फोनमध्ये असतेच. बटण दाबले की झाले! मग आपला पासवर्ड, म्हणजे गुप्त शब्द, परक्याला कळला काय? नाही. पूर्वी मुंबईला नोकरी शोधायला जाताना पाटलाची चिठ्ठी नेत, तसे हे आहे. गूगल चिठ्ठी देते: हा माणूस आमच्या ओळखीचा. याचे नाव अमुक, ईमेल अमुक. गुप्त शब्द गूगलकडेच राहतो.

मात्र कोणी कोणी जास्त मागतात. फोनमधले सगळे नंबर, जपून ठेवलेले कागद. काय मागितले ते पडद्यावर लिहिलेले असते. शिकलेली माणसेसुद्धा ते न वाचता बोट टेकवतात! तुम्ही सावकाश, अक्षर लावून वाचा. पटले नाही तर ‘रद्द करा’ दाबा. आणि परके ॲप स्वतःच गूगलचा गुप्त शब्द विचारू लागले, तर मुळीच देऊ नका.

ॲप फोनमधून काढले म्हणजे चिठ्ठी रद्द होत नाही, बरे का! गूगल खात्यात अशा ॲपांची यादी असते. तेथून ते नाव काढावे लागते. आधी गेलेली माहिती तरीही त्या कंपनीकडे राहू शकते. ती पुसायला तिलाच सांगावे लागते.