मशीन चालतंय, पण अपडेट थांबलंय

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा मुद्दा इथे नीट लिहितोय.

दुकानासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घेताना आपण रॅम विचारतो, हार्डडिस्क विचारतो, घासाघीस करतो. विंडोज कोणतं, हे मात्र विचारत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला संपवला. तरी मशीन चालतं, म्हणून आपण निवांत. पण क्रोमचं १०९ हे त्यावर चालणारं शेवटचं व्हर्जन. फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून विंडोज १० किंवा त्यापुढचंच लागतं. म्हणजे ब्राउझर उघडतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. आणि त्यावरच तुम्ही बँक उघडता, जीएसटी पोर्टल उघडता! २० तारखेला ३बी भरताना साइट अडली की मग धावाधाव.

आता विंडोज १० चाही नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ११ टाकू म्हणाल, तर टीपीएम २.० हवं, किमान ४ जीबी रॅम हवी, आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. रॅम वाढवता येते हो, घोडं अडतं ते प्रोसेसरवर.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ (डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर) टाइप करून एंटर मारा. व्हर्जन समोर येईल. जुनं मशीन घेताय? पैसे द्यायच्या आधी, विकणाऱ्यासमोरच हे करा. आणि विंडोज बदलणार असाल तर हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतोय का बघा, मगच पुढे जा.