नवा एसएमपीएस आणि रुसलेली हार्डडिस्क

मावळात वळवाचे ढग गडगडायला लागले की वीज जाते, येते, पुन्हा जाते. लोणावळ्याभोवतीच्या तलावांतलं पाणी १९१५ पासून खोपोलीत उतरतंय आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण लोणावळ्याच्या गल्ल्यांतून, झाडांच्या फांद्यांमधून गेलेल्या तारांना पावसाळा सोसत नाही. अशाच एका संध्याकाळी इथल्या एका छायाचित्रकाराच्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, जळाला. लग्नसराई नुकतीच आटोपली होती. अल्बमची कामं डोक्यावर होती आणि सगळे फोटो दोन पोर्टेबल हार्डडिस्कवर होते. जवळच्या दुकानातून नवा एसएमपीएस आला, तासाभरात बसला, पडदा उजळला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्रास नंतर सुरू झाला. मोठं फोल्डर कॉपी करायला लावलं की मध्येच हार्डडिस्क गायब व्हायची. ‘टुंग’ असा आवाज, क्षणभराने पुन्हा ‘टुंग’, आणि कॉपी तिथेच खुंटलेली. कधी आतून बारीक टकटक ऐकू यायची. छायाचित्रकाराने केबल बदलली, फरक पडला नाही. दुसरी हार्डडिस्क लावली, तिचीही तीच गत. मग विंडोजने नेहमीची खिडकी समोर आणली: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे का?

या खिडकीपाशी आजवर कितीतरी जणांचे फोटो, हिशेब आणि प्रबंध गेले आहेत. हा लेख मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

छायाचित्रकाराने ‘नाही’ म्हटलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला आणि पहिलं वाक्य बोलला, “दादा, डिस्कला काही करू नका, आधी लॅपटॉपला लावून बघू.” लॅपटॉपला लावलेल्या त्याच दोन्ही हार्डडिस्क रात्रभर न कुरकुरता चालल्या आणि सकाळपर्यंत सगळे फोटो दुसरीकडे उतरले. तपासाची दिशा तिथेच बदलली. एका संगणकावर दोन वेगवेगळ्या डिस्क एकाच पद्धतीने बिघडतात आणि दुसऱ्या संगणकावर त्या नीट चालतात, तेव्हा शोध डिस्कमध्ये नव्हे, तिच्यापर्यंत येणाऱ्या विजेत घ्यायचा असतो.

ही वीज येते कशी, ते पाहू. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीनुसार एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वेगळ्या वाटा तयार करतो. शिवाय ५ व्होल्टची एक ‘स्टँडबाय’ वाट असते, जांभळ्या तारेची. संगणक बंद असतानाही ती जिवंत असते. पोर्टेबल हार्डडिस्क ज्या यूएसबीतून वीज घेते, तिची पहिली आवृत्ती १९९६ ची. ती घडवणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलचे अभियंता होते. एकाच केबलमधून माहितीही जावी आणि वीजही, ही त्यातली मोठी सोय. पण विजेला मर्यादा आहे: यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर, ३.० मधून ९००. पोर्टेबल हार्डडिस्कची तबकडी फिरू लागते त्या पहिल्या एक-दोन सेकंदांत ती यापेक्षाही थोडी जास्त ओढू शकते. पेनड्राइव्हला, माउसला हे ओझं नाही, म्हणून ते खुशाल चालतात आणि माणसाला वाटतं की पोर्ट ठीक आहे.

कितीतरी मदरबोर्डांवर यूएसबीला ही ५ व्होल्टची वीज जांभळ्या स्टँडबाय वाटेवरून मिळते. स्वस्त एसएमपीएसच्या खोक्यावर ४५० वॉट मोठ्या अक्षरात असतं. बाजूच्या तक्त्यात स्टँडबायपुढे किती अँपिअर लिहिलंय ते कुणी वाचत नाही. ते वाचावं. आणि १२ व्होल्टपुढचे अँपिअर बाराने गुणून पाहावेत. उत्तर खोक्यावरच्या आकड्यापेक्षा फारच लहान आलं तर तो एसएमपीएस दुकानातच ठेवावा. ‘८० प्लस’चा शिक्का उपयोगी आहे, पण तो विजेची नासाडी किती होते एवढंच सांगतो. वीज किती स्वच्छ आहे, ते त्यातून कळत नाही.

तपासाआधी एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं. डिस्क मध्येच तुटते आहे असं दिसलं की तिच्यावर काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट नाही, ‘एरर चेकिंग’ नाही, चेकडिस्क तर मुळीच नाही. चेकडिस्क फाइलींच्या नोंदी दुरुस्त करायला बसतं, आणि दुरुस्तीच्या मध्यावर वीज डळमळली तर शाबूत नोंदीही जातात. मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालावी म्हणून छायाचित्रकार डिस्क बहुधा एक्सफॅटमध्ये ठेवतात. एनटीएफएसमध्ये बदलांची आगाऊ नोंद राहते, एक्सफॅटमध्ये राहत नाही, त्यामुळे अचानक तुटण्याचा फटका तिला जास्त बसतो. म्हणून आधी दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर प्रत काढायची. तिथेही डिस्क अडखळत असेल, टकटक करत असेल, तर हट्ट न करता ती बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. दर वेळी पुन्हा चालू केली की तिचं आयुष्य थोडं उणं होतं.

प्रत हातात आल्यावर लोणावळ्यातला तपास सुरू झाला. एसएमपीएस बदलताना आणखी काय काय हललं होतं, हा पहिला प्रश्न. कॅबिनेट उघडताना, केबल ओढताना समोरच्या यूएसबी पोर्टांची जोडणी मदरबोर्डावरून अर्धवट निसटते, यूएसबी ३.० ची एकोणीस पिनांची रुंद जोडणी तर बारीकशा ओढीनेही वाकडी होते. इथे तेच झालं होतं. नव्या एसएमपीएसच्या तारा आखूड होत्या, त्यांनी ती केबल बाजूला रेटली होती. दुरुस्तीवाल्याने बाजारात सहज मिळणारं यूएसबी टेस्टर मधे लावून पाहिलं, तर समोरच्या पोर्टवर हार्डडिस्क फिरू लागताच आकडा साडेचार व्होल्टच्या आसपास घसरत होता. मागच्या, मदरबोर्डावरच्या पोर्टवर तोच आकडा ४.९ राहत होता. जोडणी नीट बसवली, मदरबोर्डाची चोवीस पिनांची मुख्य जोडणी कडी लागेपर्यंत दाबली. टकटक थांबली.

गायब होणं मात्र पूर्ण थांबलं नाही. मागच्या पोर्टवरही, फोटो एक्स्पोर्ट करताना संगणक तापला की एखाद्या वेळी ‘टुंग’ व्हायचंच.

इथे बरेच जण फसतात, कारण मल्टिमीटर म्हणतो सगळं ठीक आहे. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे ५ व्होल्टच्या वाटेवर पाच टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. मल्टिमीटरवर आकडा त्यात बसतो. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. त्या सरासरीवर स्वार झालेल्या बारीक लहरी त्याला दिसत नाहीत. त्या ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत असाव्यात असा संकेत आहे. त्या पाहायला ऑसिलोस्कोप लागतो आणि तो गावातल्या दुकानात नसतो. त्यावर सोपा उपाय एकच आहे: खात्रीचा एसएमपीएस उसना आणून लावणे. छायाचित्रकाराच्या मित्राच्या संगणकातला जुना पण चांगल्या बनावटीचा एसएमपीएस बसवला आणि तेच काम, त्याच पोर्टवर, तीच डिस्क लावून चालवलं. एकदाही तुटली नाही. नवा परत लावला, पुन्हा तुटली. अदलाबदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची; केबल, पोर्ट आणि एसएमपीएस तिन्ही एकदम बदलले तर चूक कशात होती ते कळत नाही आणि ती परत येते.

विंडोज स्वतःही साक्ष देतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम नोंदी उघडाव्यात. ‘डिस्क’च्या नावापुढे १५७ आकडा असेल तर डिस्क अचानक काढली गेली, १५३ असेल तर वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ७ दिसला तर मात्र खराब जागा सापडली आहे, तो दोष डिस्कचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची अंतर्गत वही वाचून दाखवतं. त्यात १९२ क्रमांकाची, म्हणजे ‘सी०’ ची नोंद सहसा अचानक वीज तुटल्याने डिस्कचं वाचणारं डोकं मागे घ्यावं लागलं याची असते. प्रत्येक ‘टुंग’नंतर ही संख्या वाढत असेल तर वीज तुटते आहे. ‘०५’ आणि ‘सी५’ वाढत असतील तर डिस्क झिजते आहे, मग एसएमपीएस कितीही चांगला आणला तरी उपयोग नाही.

मावळात याच्या जोडीला अर्थिंगचा प्रश्न येतो, आणि तो संगणकाच्या दुकानात कधीच सुटत नाही. जुन्या बंगल्यांत, वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे तार नसते, किंवा दोन पिनांच्या एक्स्टेंशनने ती वाटेत तोडलेली असते. एसएमपीएसमधली गाळणी थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडते; अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर येतो आणि पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. वेगळ्या सॉकेटवरच्या अडॅप्टरची मोठी डिस्क अशा संगणकाला जोडली की दोन्हींतला फरक यूएसबी केबलमधून वाहायचा प्रयत्न करतो. इथे खाली काळा खडक आहे आणि त्यावरचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. झिणझिण्या आल्या तर त्याला ‘थोडा करंट’ म्हणून सोडून देऊ नये. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. ते माणसाच्या जिवासाठी आधी आणि हार्डडिस्कसाठी नंतर आहे.

इन्व्हर्टरचंही तसंच. एटीएक्सचा एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर नसेल तर त्याला चालू व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि तेवढ्यात डिस्क अर्ध्या वाक्यावर तुटते. जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर नवे, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस कुरकुरतात. साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा संगणकापुरता छोटा यूपीएस घेतला तर पावसाळा निभावतो.

दोन गोष्टींचा धोका इतका मोठा आहे की त्या ठळकपणे सांगायला हव्यात. ज्या एसएमपीएसच्या तारा काढता-घालता येतात, त्याच्या जुन्या तारा नव्यासोबत कधीही वापरू नयेत. खटका तंतोतंत बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना बनावटीनुसार वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर आतल्या सगळ्या डिस्क एका क्षणात जातात. दुसरं, एसएमपीएस स्वतः उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

नवा, चांगल्या बनावटीचा एसएमपीएस येईपर्यंत पोर्टेबल डिस्क स्वतःच्या अडॅप्टरच्या यूएसबी हबवर चालवता येते. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची ‘आर’ने सुरू होणारी नोंदणी पाहून घ्यावी. फार स्वस्त हब वीज उलट संगणकाकडे ढकलतात. संगणक बंद करून मुख्य प्लग काढल्यावरही मदरबोर्डावरचा दिवा चमकत राहिला तर तो हब वापरू नये.

छायाचित्रकाराला दुकानदाराने एसएमपीएस बदलून दिला, कारण बिल होतं आणि दुरुस्तीवाल्याने अदलाबदलीची चाचणी दुकानदारासमोर करून दाखवली. दोन हार्डडिस्कपैकी एकीची ‘सी५’ नोंद शून्यावरून वर गेली होती. ती आता फक्त फोटोंच्या प्रती पोचवायला वापरतात. फोटोंच्या दोन प्रती स्टुडिओत आणि एक तळेगावच्या घरी, अशी छायाचित्रकाराची नवी मांडणी आहे. मूळ फोल्डर आणि प्रत जुळवून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड तो रिकामं करत नाही.